पांढऱ्या गाडीची खोड

१

बोटं गेली. म्हणजे जागेवर आहेत, पण कप हातात धरलाय की सोडलाय हे बघितल्याशिवाय कळत नाही. एक्केचाळीस वर्षं पत्रा ठोकला, त्याचं हे बक्षीस. मी डेंटर. ठोकलेली गाडी आणा, होती तशी सरळ करून देतो. रंगाचं मला विचारू नका, ते पेंटरचं काम. आता वर्कशॉप बंद आहे. खाली शटर ओढलेलं, आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही म्हातारा-म्हातारी एकमेकांवर खेकसत बसलेले.

डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिला. रोज पंधरा मिनिटं दाबायचा म्हणे. दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी खिडकीतून फेकला. गडी माणसानं चेंडू कुरवाळत बसायचं म्हणजे काय?

धाकटी दर शनिवारी येते. बसनं येते, दोन बस बदलून. जावयानं गाडी घेऊन चार वर्षं झाली, पण ही स्टिअरिंगला हात लावत नाही. "मी दादावर गेलेय, ऐनवेळी हातपाय गाळणार," असं हसत सांगते. चेंडूचं ऐकून तिनं माझ्याकडे बघून मान हलवली.

"बाबा, मग दादाचा गेम लावून देऊ? त्यातही बटणंच दाबायची."

तिची आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ही उठून आत जाणार. पण ती म्हणाली, "माळ्यावर उजव्या कोपऱ्यात. चादरीत गुंडाळलाय."

तेवीस वर्षं गेमच्या त्या डब्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि बाईला कोपरा पाठ.

धाकटीनं तो पुसला, टीव्हीला जोडला. चालणार नाही अशी माझी खात्री होती. चालला.

गेम जुनाट आहे. गाड्या म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. एक बंदर आहे, मधे गोदामं, चारी बाजूंना हिरवट पाणी. गाड्यांवर बंदुका बसवलेल्या. एकमेकांना गोळ्या घालायच्या, नाहीतर धक्का मारून पाण्यात ढकलायचं. गाडी पाण्यात पडली की पडद्यावर मोठे आकडे येतात. पाच, चार, तीन. तेवढ्यात गोल बटण दाबलं तर दार उघडतं, आतला चिमुकला माणूस पोहून वर येतो आणि त्याला नवी गाडी मिळते. नाही दाबलं तर बुडबुडे. खेळ संपला.

असला खेळ आमच्या घरात परत लावायचा, हे धाकटीच्या लक्षात कसं आलं नाही असं तुम्ही म्हणाल. आलं होतं. लावताना तिनं माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हणालो, लाव.

२

पोरगा चौदा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकानं घरात नको झाला म्हणून तो डबा दिला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघं. दोघं खेळले की पडदा आडवा कापला जातो. वर माझा ट्रक, खाली त्याची पांढरी गाडी. तो खिडकीपाशी वर्कशॉपचं पत्र्याचं स्टूल घेऊन बसायचा.

मी कुणाला ठोकायचो नाही. ट्रक गोदामाच्या भिंतीला नीट समांतर उभा करून बसायचो.

"अहो बाबा, ठोका की! इथं दुरुस्ती नाही करायची."

"जन्म गेला लोकांनी ठोकलेलं सरळ करण्यात. आता घरी बसून मीच ठोकू?"

"मग पार्किंगचा गेम आणू का तुम्हाला?"

आणि गेम बनवणाऱ्याला तर मी रोज शिव्या घालायचो. डावीकडून धडक बसली आणि उजवा पत्रा चेपला, असं कुठं असतं? तो हसून हसून स्टुलावरून खाली यायचा. मग मागून हळूच येऊन माझा ट्रक पाण्यात ढकलायचा आणि वर स्वतःच ओरडायचा, "गोल दाबा बाबा, गोल! घाबरू नका, पाच म्हणजे खूप वेळ असतो!" तो स्वतः पडला की नेहमी चारवर दाबायचा. ना पाचवर, ना तीनवर. पाच आकडा नीट बघून घ्यायचा, मग चारवर टक्. एवढा थंड पोरगा.

बाविसाव्या वर्षी गेला. पेंटरकडे गाडी पोचवायला निघाला होता, कालव्याच्या रस्त्यानं, सकाळी दहा वाजता. गाडी घसरून कालव्यात पडली, डावी कूस चिखलात रुतली. लोकांनी उडी मारून बाहेरून दार ओढलं तर एका हिसक्यात उघडलं. पण उशीर झाला होता. दार तर चालू होतं, मग हा निघाला का नाही? घाबरला असेल. हातपाय गळाले असतील. असं सगळे म्हणाले.

आधी कोण म्हणालं, ते येईलच पुढं.

तर गेम. पहिल्या आठवड्यात मी एकटाच खेळलो, रोज चारचा चहा झाला की. समोर तीन गाड्या असतात, त्या डबाच चालवतो. कोपऱ्यात एक गोल आहे, त्यात तीन लाल टिपके फिरतात. कोण कुठं आहे ते त्यावरून कळतं. माझ्या रिमोटचं गोल बटण दाबेना. बोटांचा दोष म्हणून सोडलं असतं, पण हत्यार खराब असलं तर मला कळतं. दोन्ही रिमोट उघडले. प्रत्येक बटणाखाली रबराची एक टोपी असते. माझी झिजली होती. दुसऱ्या रिमोटची काढून माझ्यात घातली. दुसऱ्याचं गोल बटण परत वर बसवून ठेवलं, सुटी वस्तू हरवते म्हणून. नुसतं दिसायला बटण, खाली काही नाही.

दुसरा रिमोट टीव्हीखालच्या खणात ठेवला आणि विसरलो. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? खेळणारा मी एकटाच.

३

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गोलात तीनच टिपके होते. तिन्ही गाड्या मला समोर दिसत होत्या, एकमेकींना धडका देत होत्या. आणि गोदामामागं चौथी उभी होती.

पांढरी. तोंड पाण्याकडं.

मी म्हटलं, असेल. डबा जुना, चकती जुनी, माळ्यावर तेवीस उन्हाळे भाजलेली. ट्रक जवळ नेला. चालकाच्या दारावर तांबडा चौकोन होता.

आता हे नीट ऐका. गेममधल्या पांढऱ्या गाडीला एकही डाग नव्हता. आठ वर्षं रविवारी बघितलीय ती. आणि तो तांबडा म्हणजे रंगातला तांबडा नव्हे. पत्रा सरळ केला, पुट्टी घासली की गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईडचा हात मारतो, तो मातकट तांबडा. गाडी पेंटरकडं जाते ती तशीच जाते. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गेममध्ये तो रंग कुणी घातला? ज्यानं हा गेम बनवला त्याला चेप कुठं पडतो तेसुद्धा माहीत नाही.

शनिवारी धाकटीला बोलावून दाखवली. "ती बघ. ती कुठली गाडी?"

ती चहा ओतत होती. मान वळवून बघितलं. "पांढरी? असते की ती. दादाची."

"दारावर काय आहे?"

"लाल काहीतरी. डिझाइन असेल. बाबा, चष्म्याचा नंबर तपासला का यंदा?"

तिलाही दिसली, तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. डोळे शाबूत, डोकं शाबूत. पण मी मनात म्हणत होतो, नको गं दिसायला. तुला तरी नको होती दिसायला.

४

सोमवारी पडदा कापला गेला.

मी चालू केलं, माझा ट्रक निवडला, आणि मधे आडवी काळी रेघ आली. वर मी. खाली दुसरा. दुसरा रिमोट खणात, त्याची वायर मीच गुंडाळून रबर लावलेली. उठून बघितलं. होता तिथंच.

खालच्या अर्ध्यात पांढऱ्या गाडीच्या आतून दिसतं तसं दिसत होतं. काच, काचेपुढं बंदर. गाडी सुरू झाली. गोळी नाही, धडक नाही. तिन्ही गाड्या तिच्याकडं ढुंकून बघत नव्हत्या. ती गोदामांच्या मधून सावकाश निघाली. वळणावर थोडं जास्त बाहेर जाऊन मग आत घ्यायची. अशी सवय एकाच माणसाला होती. मीच शिकवली होती. मोठी गाडी वळवायला शिकवताना लागलेली सवय, लहान गाडीला गरज नसते. त्यावरून मी त्याला किती बोललो असेन.

धक्क्याच्या कडेला आली. थांबली नाही.

पाच.

पाणी काचेवर चढलं. टीव्हीचा आवाज मी एवढासा ठेवतो, म्हातारीला त्रास नको म्हणून. तरी ऐकू आलं. ठप्. मग परत. ठप्.

चार गेला.

पत्र्याचा आवाज मला कुणी शिकवू नये. बाहेरून ठोका मारला की आवाज कोरडा, तुटक येतो. आतून मारला की पत्रा बाहेर फुगतो, आणि आवाजाला पोट असतं. हे आतून होतं. आणि हाताचं नव्हे. पायाचं, बुटातल्या टाचेचं.

तीन. दोन. मी माझं गोल बटण दाबत होतो, येड्यासारखा, माझ्या रिमोटचं. त्याचा काय उपयोग?

सात मोजले. मग शून्य, मग बुडबुडे.

स्वयंपाकघरातून म्हातारी म्हणाली, "खाली शटर कोण वाजवतंय का हो?"

"नाही कुणी."

"मग?"

"गेममधलं आहे."

 तिचं भांडं घासणं थांबलं होतं ते नंतर बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

५

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी चकती काढून कापडानं पुसली. डब्याची पिन काढून रात्रभर तसाच ठेवला. मनाला समजावलं: डब्यात जुना खेळ कुठंतरी साठून राहिला असेल, तो परत वाजतोय, टेपरेकॉर्डरसारखा. गुरुवारी ट्रक आधीच नेऊन धक्क्याच्या कडेला आडवा लावला, रस्ता बंद केला. पांढरी गाडी आली, थांबली. टेपरेकॉर्डर थांबत नाही. मग दोन हात मागं गेली आणि माझ्या ट्रकला न घासता, फुलासारखी कडेनं निघाली. पाच. सात ठोके. शून्य.

गेम लावायचाच नाही, हा उपाय मलाही सुचला होता. शुक्रवारी नाही लावला. चार वाजता चहा घेऊन नुसता बसलो. बंद टीव्हीकडं बघत. मला वाटलं, आता तो तिथं एकटा पडत असेल. मग साडेचारला लावला.

आता सांगतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. मी घातलेला. चावी दुसऱ्याच्या हातात देताना गाडीची खोड तोंडानं सांगायची. ब्रेक दोनदा मार. तिसरा गिअर सुटतो. काच उतरवू नको. काम अर्धं झालेली गाडी म्हणजे खोडींची पिशवी असते. दिसते धड आणि नसते. चिठ्ठी नाही चालायची, डोक्यात ठेवणं नाही चालायचं. तोंडानं. घेणाऱ्यानं परत म्हणून दाखवायची, मग चावी. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, लिहिलेल्यावर माझा विश्वास नव्हता.

पोरानं एका रविवारी सांगितलं, मी हातोडी धरणार नाही. दुसऱ्या गावी एका कचेरीत जागा मिळालीय, पहिल्या तारखेपासून जातो. मी बोलायचं ते बोललो, नाही बोलायचं तेही बोललो. तीन दिवस अबोला. तो "बाबा, चहा घेतला का" विचारायचा, मी पत्र्याशी बोलायचो.

चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाची एक खरी पांढरी गाडी पेंटरकडं जायची होती. चालकाचं दार चेपलेलं होतं. दार आतून ठोकायचं तर सगळं मोकळं करावं लागतं. मी आतल्या हँडलपासून कुलपापर्यंत जाणारी कांडी काढली होती. काच वरखाली करायचं यंत्र काढलं होतं, आणि काच घसरू नये म्हणून वर तारेनं बांधून टाकली होती. ते पेंट झाल्यावर परत जोडायचं. तोवर आतलं पुठ्ठ्याचं कव्हर आणि हँडल मी जागेवर लावून ठेवलं, सुटी वस्तू हरवते म्हणून. हँडल दिसायला होतं. ओढलं तर हवेत फिरायचं. दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. आणि गाडीतली हत्यारं, जॅक, पाना, सगळं मीच काढून घेतलं होतं. पेंटरकडं चोरीला जातं.

त्यानं हात पुढं केला. "बाबा, चावी."

मी चावी कामाच्या टेबलावर टाकली आणि पाठ फिरवली.

तो क्षणभर उभा राहिला. खोडीची वाट बघत होता. नियम त्याला माहीत होता. मग म्हणाला, "काही सांगायचंय का?"

मी हातोडी उचलली आणि ठोकायला लागलो. समोर ठोकण्यासारखं काही नव्हतं. नुसतीच ऐरण होती.

गाडी परत माझ्याच वर्कशॉपला आणली. पोलिसांचं बघून, लिहून घेऊन झालं होतं. मालक म्हणाला, डोळ्यांसमोर नको, भंगारात द्या. मी शटर आतून ओढून घेतलं. दाराच्या पत्र्यावर, माझ्या तांबड्या रंगावर, बाहेरच्या बाजूला फुगवटे आले होते. सात. मी पुठ्ठा काढला, मागं लोखंडी ठोकळा धरला, आणि सातही ठोकून बसवले. हात फिरवला तरी कळू नये असे. तार कापली. कांडी जोडली. मग शटर उघडलं आणि जे कोण भेटायला आले होते त्यांना सांगितलं, दार तर चालू होतं, बघा तुम्हीच. घाबरला असेल पोरगा.

तेवीस वर्षं. धाकटी तेव्हा अकरा वर्षांची होती.

६

शनिवारी ती आली तेव्हा वर्तमानपत्रावर दोन्ही रिमोट उघडून बसलो होतो. रबराची टोपी माझ्यातून काढली आणि दुसऱ्यात परत घातली. स्क्रू बोटांत धरवेना. तिनंच फिरवले.

"बाबा, पण मग तुमचं बटण चालणार नाही."

"माझं राहू दे. आईला बोलाव."

"आई गेम बघणार? सूर्य कुठून उगवलाय आज?"

म्हातारी पदराला हात पुसत आली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली. तिकडून पुढं येईना. मी खालून पत्र्याचं स्टूल आणून ठेवलं होतं, खिडकीपाशी. दुसरा रिमोट जोडला आणि त्या स्टुलावर ठेवला. मग चालू केलं.

आडवी रेघ आली. धाकटी म्हणाली, "दुसरं कोण खेळतंय?"

मी स्टुलाकडं तोंड केलं. आवाज काढला, वर्कशॉपमध्ये काढायचो तसा, मशिनच्या वर ऐकू जाईल असा.

"ऐक. चालकाचं दार आतून उघडत नाही. हँडल नुसतं लावलंय, कांडी जोडलेली नाही. काच तारेनं वर बांधलीय, ती खाली येणार नाही. गाडीत हत्यार नाही. दार बाहेरूनच उघडतं. बाहेरून कुणी उघडलं तरच."

खोलीत कुणी परत म्हणून दाखवलं नाही.

"ही कुठल्या गाडीची खोड?" धाकटीनं विचारलं. हळू.

"त्या."

"पण दार चालू होतं. तुम्हीच म्हणालात. मला मांडीवर घेऊन सांगितलंत."

"कांडी मी नंतर जोडली."

 पडद्यावर पांढरी गाडी गोदामांमधून निघाली होती. बाहेरून जाऊन आत वळत.

"म्हणजे दादा घाबरला नव्हता?"

"नाही. सात लाथा मारल्या त्यानं. सातवी पहिलीइतकीच खोल होती."

तिनं तोंडावर हात ठेवला. मी म्हातारीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"वर ऐकू येत होतं मला. दोन तास. भंगारात जायच्या गाडीचा पत्रा कुणी सरळ करतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल. चावी देताना सगळ्यांना सांगायचात, तसं मलाही कधीतरी सांगाल."

पांढरी गाडी पाण्यात गेली.

पाच.

ठप्. ठप्. धाकटी कळवळून ओरडली. तिलाही ऐकू आलं. मी स्टुलाकडं बघत होतो. पडद्याकडं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, रिमोटवर पडलं होतं, बटणांच्या सावल्याही दिसत होत्या. एवढ्या उजेडात चूक व्हायची नाही.

चार.

गोल बटण खाली गेलं. आणि वर आलं. टक्.

पडद्यावर खालच्या अर्ध्यात दार उघडलं.

"अहो, तुमचा!" म्हातारी ओरडली. "तुमचा ट्रक!"

माझा अंगठा गाडी पळवायच्या बटणावर होता. केव्हापासून होता, मला कळलंच नव्हतं. बोटं मेलेली. ट्रक सुटला होता, धक्क्यावरून सरळ खाली. वरच्या अर्ध्यात पाणी काचेवर चढलं. पाच.

"गोल दाबा ना!"

"नाही त्यात काही."

चार. तीन. खालचा अर्धा हिरवा, रिकामा झाला होता. दोन. आणि मग एक ठोका आला. एकच. कोरडा, तुटक. बाहेरून मारलेला.

त्या गेममध्ये दार बाहेरून उघडत नाही. तशी सोयच नाही. माझ्या ट्रकचं दार उघडलं. फटीतून पाणी आत आलं, आणि कडेवर चार बारके चौकोन टेकले. बोटांएवढे. दार धरून ठेवतात तसे.

पडदा काळा झाला. मग पहिलं पान आलं, ते वाजंत्री वाजवत येतं ते.

धाकटीनं पर्स उचलली, चपला घातल्या. चहा तसाच होता. दारात एकदा वळली. मला वाटलं, आता शिव्या देईल. देती तर बरं झालं असतं.

७

तीन शनिवार झाले, ती आलेली नाही. आईला फोन करते. मी समोर बसून एका बाजूचं ऐकतो.

काल म्हातारी फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "गाडी शिकतेय. आज पहिला दिवस होता."

"कुठली गाडी? दार आतून उघडतं का बघ म्हणावं. बसायच्या आधी. दोन्ही दारं."

"तुम्हीच सांगा." तिनं फोन पुढं केला.

मी कानाला लावला. पलीकडं ती होती, श्वास ऐकू येत होता. मी सांगितलं. दोन्ही दारं, दोन्ही काचा. तिनं परत म्हणून दाखवलं नाही. पण फोनही ठेवला नाही, थोडा वेळ. मग ठेवला.

पांढरी गाडी आता येत नाही. रेघ येत नाही. गोलात तीन टिपके, बंदरात तीन गाड्या. गोदामामागं मी रोज जाऊन बघतो, तिथं नुसती भिंत आहे. दुसरा रिमोट स्टुलावरच आहे. म्हातारी तिथली धूळ पुसते आणि तो होता तसा ठेवते. रबराची टोपी मी परत मागितलेली नाही.

चारचा चहा झाला की मी बसतो. कुणाला ठोकत नाही. ट्रक सरळ धक्क्यावर नेतो आणि पाण्यात घालतो. पाच येतो. मग टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हातारी काही म्हणत नाही, तीही चौकटीत येऊन उभी असते. चार. पत्रा वाजतो का, बाहेरून, एकदा तरी, एवढंच ऐकत असतो. तीन. दोन.

मग बुडबुडे येतात. मी परत पहिल्यापासून लावतो.